ॲव्हरेज किती देते? : सलालाची गाडी आणि आपला हिशेब



एप्रिल संपत आला आणि दोह्यात दुपारी स्टिअरिंग हाताला चटके देऊ लागले की आपल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. "यंदा सलालाला गाडीने जायचं म्हणतोय, कुठली गाडी घेऊ?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" परवा आमच्याच बिल्डिंगमधल्या एका तरुणाने लिफ्टमध्ये हेच विचारले. मूळचा इचलकरंजीचा, दोन वर्षांपूर्वी इथे आलेला, बायको आणि दोन लहान मुले. "काका, छोटी घेतली तर पेट्रोल वाचेल, पण एवढ्या लांब जाईल का? आणि मोठी घेतली तर हप्ता बसेल. काय करू?" लिफ्ट तीन मजले चढेपर्यंत सांगून होण्यासारखे हे नव्हते. म्हणून इथे सविस्तर लिहितो, सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सलालाला जायला मोठी गाडी लागत नाही. दीड-पावणेदोन लिटर इंजिनाची, चांगल्या स्थितीतली साधी सेडान पुरते. पण ती घ्यायची ती पेट्रोल वाचते म्हणून नव्हे. पेट्रोलची बचत या सगळ्या प्रकरणात सर्वांत किरकोळ आहे. साधी गाडी घ्यायची ती कर्ज वाचते म्हणून. आणि वाचलेल्या पैशातला थोडासा भाग टायर, इन्शुरन्स आणि वाटेतल्या एका रात्रीच्या मुक्कामावर बिनतक्रार घालायचा. यातले पहिले केले आणि दुसरे केले नाही, तर मात्र मग मोठी गाडीच बरी होती असे म्हणायची वेळ येईल.

आता हिशेब बघा.

दोह्याहून सलाला, अबू धाबी आणि अल ऐनवरून गेलो तर सुमारे १७०० किलोमीटर. अबू समराची चौकी साधारण १०० किलोमीटरवर, मग सौदीचा छोटा तुकडा, मग घुवैफातला अमिरातीत शिरायचे. अल ऐनच्या पुढे ओमान, मग इब्री, आदम, हायमा, थुमरैत आणि शेवटी डोंगर उतरून सलाला. कल्पना यावी म्हणून सांगतो, दोहा ते दुबई हे अंतर साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग (७०१ किलोमीटर) एकदा पूर्ण केल्यासारखे. सलाला म्हणजे तो महामार्ग जवळजवळ अडीच वेळा. जाऊन-येऊन ३४००, आणि तिथले फिरणे धरून ४००० किलोमीटर.

पेट्रोलचा दर चारही देशांत थोडा थोडा वेगळा आहे. कतार आणि अमिरातीत तो दर महिन्याला बदलतो. ओमानने २०२१ च्या अखेरीस ९५ चा दर २३९ बैसांवर गोठवला, म्हणजे आपले सव्वादोन रियाल. हिशेबाला सरासरी लिटरला २ रियाल ३० दिरहॅम धरू. छोट्या सेडानने लिटरला १४ किलोमीटर दिले तर ४००० किलोमीटरला २८६ लिटर, म्हणजे सुमारे ६६० रियाल. मोठ्या एसयूव्हीने ७ दिले तर ५७१ लिटर, म्हणजे सुमारे १३१५ रियाल. फरक झाला साडेसहाशे रियालचा. एवढ्या मोठ्या प्रवासात, चार माणसांमागे, फक्त साडेसहाशे! आणि जे लोक दोन छोट्या गाड्यांमध्ये "ही १४ देते, ती १७ देते" म्हणून आठवडाभर वाद घालतात त्यांच्यासाठी: १४ आणि १७ मधला फरक या संपूर्ण प्रवासात सुमारे ११७ रियाल. चौघांचे एक बरे जेवण. (ह. घ्या.)

आता दुसरी बाजू. छोटी सेडान आणि मोठी सात सीटची एसयूव्ही यांच्या किमतीत सहज एक लाख रियालचा फरक पडतो. एक लाख रियाल चार वर्षांत फेडायचे म्हणजे महिन्याला २०८३ रियाल नुसते मुद्दल, व्याज वेगळे. वर्षाचे झाले २५ हजार. खर्च कुठे आहे ते लक्षात आले ना? तो पेट्रोल पंपावर नाही, बँकेत आहे. आपण मात्र पंपावरचा आकडा बघत राहतो, कारण तो डोळ्यांसमोर फिरतो. हप्ता गुपचूप कापला जातो.

पंपावरचा आकडा बघायची आपली सवय घरून आलेली आहे, आणि घरी ती योग्यच होती. ज्या देशात पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेले तिथे ॲव्हरेज विचारणारच. इथे जुन्या लोकांना आठवत असेल, जानेवारी २०१६ मध्ये सुपर १ रियालवरून १ रियाल ३० दिरहॅम झाले तेव्हा केवढी चर्चा झाली होती! त्याच वर्षापासून दर महिन्याला नवा दर जाहीर होऊ लागला. आज तो दोन रियालच्या आसपास असतो. म्हणजे वाढ झाली, नाही असे नाही. पण अजूनही गाडी निवडताना पहिला प्रश्न "ॲव्हरेज" हा असावा एवढी नाही.

शिवाय ते ॲव्हरेज तरी कुठले? भारतात गाडीच्या जाहिरातीत जो आकडा असतो तो आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचणीतून येतो. १९६६ साली सुरू झालेली ही संस्था, कोथरूडच्या टेकडीवरची, आपल्यातल्या बऱ्याच इंजिनियर लोकांना ठाऊक असेल. चाचणी प्रामाणिकच असते. पण आजवर हे आकडे ज्या चाचणीतून आले तिच्यात सर्वोच्च वेग ताशी ९० आहे, सरासरी वेग शहरातल्या रहदारीसारखा आहे आणि एसी बंद असतो. नव्या डिझायरचा भारतातला आकडा २५ च्या आसपास आहे म्हणून ती सौदीच्या रस्त्यावर, बाहेर ४६ अंश असताना, चार माणसे आणि डिकीभर सामान घेऊन, एसी फुल्ल करून १२० ने पळताना २५ देईल असे समजणे म्हणजे भाबडेपणा. गाडीचा दोष नाही. प्रश्नच वेगळा विचारला होता.

लांबच्या रस्त्यावर ॲव्हरेज ठरवते ती गाडी कमी आणि आपला उजवा पाय जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण अकरावीत शिकलो. ११० ऐवजी १३० ने गेलो तर हा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. १०० ऐवजी १४० ने गेलो तर जवळपास दुप्पट. आणि मिळवतो काय? १७०० किलोमीटरला ११० च्या वेगाने साडेपंधरा तास लागतात, १३० ने तेरा. सव्वादोन-अडीच तास वाचले, तेही दोन दिवसांच्या प्रवासात, तेही मधे कुठेही न थांबता गेलो तर. चौक्यांवरच्या रांगेत त्याहून जास्त वेळ जातो. वर अबू धाबीच्या हद्दीत ऑगस्ट २०१८ पासून पाटीवरच्या वेगापेक्षा २० किलोमीटर जास्त चालवायची जुनी सवलत राहिलेली नाही. पाटीवर आहे तोच वेग. तिथे एका कॅमेऱ्याने टिपले की वाचवलेले सगळे पेट्रोल दंडात जमा!

हायब्रीडबद्दलही विचारणा होते. कोरोला किंवा कॅमरी हायब्रीड दोह्याच्या रहदारीत, सिग्नल ते सिग्नल, खरेच खूप वाचवते, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते. पण हायमाच्या रस्त्यावर तुम्ही तासभर ब्रेकच मारत नाही. तिथे तिचा फायदा कमी होतो. रोज ऑफिसला जायला हवी असेल तर जरूर घ्या, सलालासाठी म्हणून घेऊ नका. आणि पूर्ण इलेक्ट्रिक गाडी शहरासाठी कितीही चांगली असली तरी वाळवंटातल्या त्या लांब पट्ट्यावर मुलाबाळांना घेऊन मी तरी ती नेणार नाही.

मग छोट्यातली कुठली? माझे निकष सांगतो, नाव तुम्ही ठरवा.

पहिला निकष इंजिन. १.२ लिटर नको. शहरात चालते, पण चार माणसे, सामान आणि एसी घेऊन लांब चढावर किंवा ओव्हरटेक करताना जीव कंठाशी येतो. आदम ते थुमरैत रस्त्याचा काही भाग चौपदरी झाला आहे, पण उरलेल्या भागात समोरून ट्रक येतात आणि तुमच्या पुढेही ट्रक असतो. तिथे ओव्हरटेकला लागणारे चार सेकंद जास्त की कमी, यावर सगळे अवलंबून असते. १.५ किंवा १.६ लिटर हवे. यारिस, सनी, कोरोला, ॲक्सेंट या वर्गातली.

दुसरा निकष जीसीसी स्पेक. सेकंडहँड बाजारात अमेरिकेतून आलेल्या गाड्या स्वस्तात दिसतात. तिथे अपघातात सापडून, दुरुस्त होऊन आलेली गाडीही त्यांत असू शकते, आणि तिचे रेडिएटर, एसी इथल्या उन्हाळ्यासाठी बनवलेले नसतात. दोह्यात अर्ध्या तासाच्या फेरीत ते कळत नाही. दुपारी दोन वाजता घुवैफातच्या रांगेत गाडी उभी असते तेव्हा कळते.

तिसरा निकष सुरक्षेची साधने. एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत फरक असतो आणि सेल्समन तो टचस्क्रीनपासून सांगायला सुरुवात करतो. तुम्ही उलटीकडून सुरू करा. एअरबॅग किती? गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा आहे का? मागच्या सीटवर मधल्या माणसाला तीन बाजूंचा पट्टा आहे का? मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक आहेत का? हे असेल तर अलॉय व्हील नसले तरी चालेल.

चौथा निकष वाटेतला मेकॅनिक. हायमा किंवा थुमरैतच्या गॅरेजमध्ये बसलेला मल्याळी किंवा पाकिस्तानी मिस्त्री ज्या गाडीचा बॉनेट डोळे मिटून उघडेल ती आपली गाडी. ज्या गाडीचा फॅनबेल्ट मस्कतहून मागवावा लागेल ती कितीही सुंदर असो, या प्रवासाला नको.

पाचवा निकष, जो कोणी बघत नाही, तो स्टेपनी. हल्ली बऱ्याच गाड्यांत पूर्ण आकाराचे पाचवे चाक नसते. बारीक चाक असते, ज्यावर ८० च्या वर जायचे नाही असे लिहिलेले असते, किंवा नुसते पंक्चरचे किट. घर-ऑफिसला ठीक आहे. पण जिथे पुढचे गाव शंभर किलोमीटरवर आहे तिथे पूर्ण आकाराची स्टेपनी डिकीत टाकून न्या. एक बॅग कमी न्या हवी तर.

आता मोठ्या गाडीच्या बाजूचे लोक काय म्हणतात तेही ऐकायला हवे, कारण त्यांचे सगळेच चूक नाही.

ते म्हणतात, उंट आडवा आला तर छोट्या गाडीत माणूस वाचत नाही. हे दुर्दैवाने बरेचसे खरे आहे. उंटाचे पाय लांब. बुटकी गाडी पायांना धडकते आणि त्याचे सगळे वजन काचेवर आणि टपावर येते. उंच गाडीत थोडा फरक पडतो. पण उंच गाडी जोरात वळवली की उलटण्याचा धोकाही जास्त असतो, हे त्याच दमात सांगायला हवे. यावर खरा उपाय गाडीत नाही, घड्याळात आहे. ओमानच्या आतल्या रस्त्यावर सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. बस्स. निझवा किंवा हायमाला मुक्काम करा, पहाटे उजाडल्यावर निघा. हॉटेलचे बिल देताना जीव खालीवर होत असेल तर साडेसहाशे रियाल आठवा, पेट्रोलमध्ये वाचलेले. तेच इथे द्यायचे आहेत.

ते म्हणतात, वाळूत आणि डोंगरात फोर बाय फोर लागते. बरोबर. जबल अखदरवर जायचे असेल तर बिरकत अल मौजच्या चौकीवर फोर बाय फोर नसलेली गाडी वर सोडतच नाहीत. पण त्यासाठी चार वर्षांचे कर्ज कशाला? त्या एका दिवसासाठी तिथे ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने मिळते. सलालापर्यंतचा संपूर्ण रस्ता डांबरी आहे.

ते म्हणतात, आम्ही सहा जण आहोत, आई-बाबा आले आहेत, मांडीवर बसवून नेऊ का? अजिबात नाही. सहा जण असतील तर छोट्या गाडीचा माझा सल्ला तुम्हाला लागू नाही. पण तेव्हाही गाडी विकत घेण्याआधी एक हिशेब करा: विमानाने मस्कत किंवा थेट सलाला, आणि तिथे सात सीटची गाडी आठवडाभर भाड्याने. सत्तरीच्या आईच्या गुडघ्यांसाठीही हे बरे.

डिसेंबर २०२१ मध्ये सौदी आणि ओमानला थेट जोडणारा रब अल खालीतला रस्ता सुरू झाला. सुमारे ७२५ किलोमीटर, इब्रीजवळ निघतो. त्याने गेलो तर अमिरातीचा व्हिसा लागत नाही. रस्ता नवा, सुंदर, पण वस्ती आणि पंप फार दूर दूर. ४२ लिटरची टाकी १४ च्या हिशेबाने कागदावर ५८८ किलोमीटर जाते, पण समोरून गरम वारा असताना कागद कामाला येत नाही. पंप दिसला की भरायचे, अर्धी टाकी असली तरी. लहान मुले घेऊन पहिल्यांदा जात असाल तर मी अल ऐनवरूनच जा म्हणेन.

आता टायर. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि काही महिन्यांतच तिथे टायर फुटण्याच्या अपघातांची चर्चा सुरू झाली. सरळ रस्ता, तासन्‌तास तोच वेग, उन्हाने तापलेले काँक्रीट, घासलेले किंवा जुने टायर, आणि डोळे उघडे असूनही झोपेत गेलेला ड्रायव्हर. शेवटी आरटीओने टायर तपासून घासलेल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. १ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली, ते आपण इथे बसून टीव्हीवर पाहिले. त्याचे नेमके कारण काय यावर बरेच बोलले गेले, ते असो. पण जो रस्ता माणसाला काहीच करायला लावत नाही तो रस्ता धोक्याचा, हे आपल्या राज्याने तेव्हा शिकले. इथला रस्ता तसाच आहे, अडीचपट लांब आणि जास्त गरम.

म्हणून गाडी नवी असो की जुनी, निघण्याआधी खाली वाकून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातले टायर. पाच वर्षे झाली असतील तर नक्षी कितीही छान दिसो, बदला. इथल्या उन्हात रबर न घासताही वाळते. त्याच बाजूवर उष्णतेचा दर्जा ए, बी किंवा सी असा लिहिलेला असतो. सी घेऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो बघा. "उन्हाळा आहे, थोडी कमी भर" हे चुकीचे आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि मग फुटतो. सेडानचे चार चांगले टायर जे पैसे घेतात त्यात मोठ्या एसयूव्हीचे दोनच येतात, हा साध्या गाडीचा आणखी एक फायदा. पण फायदा घ्यायचा तर टायर घ्यावे लागतात! "पुढच्या वर्षी बघू" म्हटले की फायदा संपला.

आणि वायपर. दोह्यात वर्षभर उन्हात वाळलेले रबर थुमरैतनंतर धुक्यात आणि रिमझिमीत काच पुसण्याऐवजी खरवडते. वीस-तीस रियालची गोष्ट, पण डोंगर उतरताना समोरचे दिसणे तिच्यावरच आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात. गाडी कर्जावर असेल तर बँकेचे, कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचे पत्र लागते. सप्टेंबर २०२४ पासून कतारमध्ये वाहतुकीचे दंड बाकी असतील तर ते भरल्याशिवाय देशाबाहेर जाता येत नाही, तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यातच तपासून घ्या. ज्या ज्या देशातून जाणार त्या प्रत्येक देशाचा इन्शुरन्स आणि व्हिसा. आणि वहिनींना सांगा, डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी काय हवे ते द्या, पण अनारसे नकोत. खसखस आखातात अमली पदार्थात मोडते, आणि चौकीवर "हो फक्त वरून लावलीय" हे अरबीत समजावणे अवघड आहे. :-)

आता पुन्हा कर्जाकडे येतो. मला खरी काळजी तिथली वाटते.

आपण इथे करारावर आहोत. व्हिसा दोन वर्षांचा, कर्ज चार वर्षांचे, हा हिशेब मुळातच जुळत नाही. २००९ मध्ये दुबई विमानतळावर लोक गाड्या सोडून निघून गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. २०१५-१६ मध्ये तेलाचे भाव पडले तेव्हा इथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी माणसे कमी केली. २०२० च्या करोनात पुन्हा तेच. ५ जून २०१७ ला अबू समराची चौकी एका सकाळी बंद झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये अल उला करारानंतर उघडली. साडेतीन वर्षे! ज्यांनी "दरवर्षी रोडट्रिप करू" म्हणून मोठी गाडी घेतली होती त्यांना ती दुखान ते अल खोर फिरवावी लागली. हप्ता मात्र चालूच होता. यात कोणाचा दोष नाही. परदेशातली नोकरी अशीच असते. उद्या सकाळी पत्र आले तर महिनाभरात सगळे आवरून निघता यायला हवे, आणि कर्ज बाकी असताना बँक कोर्टात गेली तर प्रवासबंदी लागू शकते. "प्राडोला रिसेल चांगली आहे" हे खरे आहे, पण ज्या महिन्यात सगळेच विकायला काढतात त्या महिन्यात कशालाच रिसेल नसते.

आणि हे सगळे कशासाठी? खरे कारण आपल्याला माहीत आहे. पार्किंगमध्ये शेजारी काय उभे आहे ते. गावाकडे फोटो जातो तेव्हा मागे गाडी कुठली दिसते ते. "कतारला जाऊन छोटीच गाडी घेतली?" असे कोणीतरी विचारेल ते. विचारू द्यावे. त्याला हप्ता भरायचा नाही, आपल्याला भरायचा आहे.

माझ्या त्या इचलकरंजीच्या शेजाऱ्याला मी हेच सांगणार आहे. तीन-चार वर्षे वापरलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसचे पुस्तक असलेली १.६ ची सेडान घे. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून लिफ्टवर चढवून खालून बघून घे. जमले तर रोख घे, नाही तर कर्ज दोन वर्षांच्या आत संपेल असे घे. चार नवे टायर, नवी बॅटरी, कूलंट, बेल्ट, वायपर, पूर्ण स्टेपनी. ११० च्या वर जाऊ नकोस, रात्री चालवू नकोस, दर दोन तासांनी थांब. बायकोलाही गाडी येत असेल तर तिच्याकडेही दे.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची तिकिटे बघून ज्यांचे घरी जाणे राहते, त्यांच्यासाठी सलाला म्हणजे जवळचा पाऊस आहे. २१ जून ते २१ सप्टेंबर, हिरवे डोंगर, धुके, रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळ्यांचे घड. दोह्यात जन्मलेल्या आपल्या पोरांना पाऊस म्हणजे काय हे दाखवायला यापेक्षा सोपी जागा नाही. तो पाऊस सेडानच्या काचेवरही तसाच पडतो.

कोणाचे वेगळे मत असेल, विशेषतः उंटाच्या मुद्द्यावर, तर जरूर लिहा. चूभूद्याघ्या.

आपला,
एक जुना दोहाकर